तळतळाटाचा पत्ता

भुताला जागा लागते. पिंपळ, विहीर, पडका वाडा, तिकाटणं, नदीचा डोह. मराठी मुलखातलं कुठलंही भूत घ्या, त्याच्या नावाबरोबर त्याचा पत्ता येतोच. मुंजा पिंपळावर, आसरा पाण्यात, वेताळ गावाबाहेर. पत्ता ठाऊक असला की भय आवाक्यात राहतं. तिन्हीसांजेला तिकडून जाऊ नये, गेलंच तर मागे वळून पाहू नये, गरोदर बाईला विहिरीवर एकटीला पाठवू नये. असे चार नियम पाळले की उरलेलं गाव आपलं. जुन्या माणसांनी भुतांना शेजाऱ्यासारखं वागवलं, त्यांची हद्द आखून दिली आणि आपली राखली.

ताकाशी शिमिझु या जपानी दिग्दर्शकाने ही हद्द पुसून टाकली. त्याच्या चित्रपटांतलं झपाटलेलं ठिकाण म्हणजे तोक्योच्या एका वस्तीतलं साधं दुमजली घर. आत जिना, वर निजायची खोली, भिंतीतलं कपाट, खाली स्वयंपाकघर. असं घर नोकरदार माणूस कर्ज काढून घेतो आणि आयुष्यभर हप्ते फेडतो. या घरात ताकेओ साएकी नावाच्या माणसाने बायकोचा खून केला आहे. तिच्या वहीत दुसऱ्या पुरुषाबद्दल लिहिलेलं त्याच्या हाती पडलं. त्या मजकुरापलीकडे घडलेलं काहीच नव्हतं, पण त्याला तेवढं पुरलं. बायको कायाको आणि लहानगा तोशिओ यांचा त्या घरातच शेवट झाला. तेव्हापासून त्या उंबरठ्याच्या आत जो पाऊल टाकेल तो जातो. आज, महिन्याने, कधी दुसऱ्या गावात जाऊन; पण जातो. असह्य संतापात कुणाचा जीव गेला तर त्याचा तळतळाट त्या जागेत मुरून राहतो, एवढं एकच सूत्र. एवढ्यावर शिमिझुची कीर्ती उभी आहे.

त्याचा जन्म १९७२ चा, गुन्मा प्रांतातल्या माएबाशीचा. तोक्योतल्या चित्रपटशाळेत कियोशी कुरोसावा आणि हिरोशी ताकाहाशी हे त्याचे शिक्षक. ताकाहाशी म्हणजे हिदेओ नाकाताच्या ‘रिंगू’चा पटकथाकार. १९९८ च्या जानेवारीत ‘रिंगू’ आला, आणि विहिरीतून वर येऊन टीव्हीच्या पडद्यातून बाहेर सरपटणारी सादाको जगभर पोचली. त्याच वर्षी शाळेतल्या भुतांच्या गोष्टी सांगणाऱ्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात विद्यार्थिदशेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या शिमिझुला दोन तुकडे करायला मिळाले. प्रत्येकी जेमतेम तीन मिनिटांचे. एकात शाळेच्या आवारात बेवारस पडलेला फोन वाजत राहतो. दुसऱ्यात दोन मुली शाळेतल्या सशांना खायला घालायला येतात. कायाको आणि तोशिओ यांचं पहिलं दर्शन या सहा मिनिटांत झालं.

पुढे २००० मध्ये थेट व्हिडिओ कॅसेटसाठी कमी पैशांत केलेले दोन ‘जु-ओन’ चित्रपट, २००२ मध्ये थिएटरसाठी तिसरा, २००३ मध्ये चौथा. मग हॉलिवूडच्या सॅम रायमीच्या कंपनीने त्याला अमेरिकी आवृत्ती करायला बोलावलं. शिमिझुने अमेरिकी नट तोक्योत आणले, पण घर, कायाको आणि तोशिओ जपानीच ठेवले. २००४ चा हा ‘द ग्रज’ सुमारे एक कोटी डॉलरमध्ये झाला आणि त्याने जगभरात अठरा कोटींच्या वर कमावले. २००६ मध्ये त्याचा दुसरा भाग. म्हणजे सहा-सात वर्षांत एकाच माणसाने एकच घर, एकच बाई आणि एकच पोर घेऊन सहा चित्रपट केले.

कल्पनेचं दारिद्र्य, असं कुणी म्हणेल. पण आपल्याकडे कीर्तनकार तेच आख्यान पुन्हा लावतो तेव्हा त्याला नवं काही सुचलं नाही असं आपण म्हणत नाही. ऐकणाऱ्याला शेवट पाठ असतो, आणि म्हणूनच त्याचं लक्ष गोष्टीवरून सरकून ती घडते कशी याकडे जातं. शिमिझुच्या प्रत्येक आवृत्तीत नवी माणसं घरात शिरतात आणि आपण त्यांच्या नावांकडे पाहू लागतो. ही नावं तो अक्षरशः दाखवतो. ‘जु-ओन’चे भाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक भागावर त्यात जाणाऱ्या माणसाचं नाव आहे. रिका. कात्सुया. हितोमी. इझुमी. काळाचा क्रम त्याने मोडून टाकला आहे, पुढचं आधी आणि मागचं नंतर येतं. चित्रपट पाहताना एखादी नोंदवही चाळल्यासारखं वाटतं. भयपटात नावांना एवढा मान क्वचित मिळतो.

त्याच्या कारागिरीची एक-दोन उदाहरणं जवळून पाहण्यासारखी आहेत. कायाको बोलत नाही. तिच्या गळ्यातून एक तुटक, चिरकत जाणारा आवाज येतो, दाटलेल्या घशात हवा अडकून ठेचकाळत बाहेर पडावी तसा. पडद्यावर शरीर ताकाको फुजी या अभिनेत्रीचं आहे, पण हा आवाज खुद्द शिमिझुने काढला. मारल्या गेलेल्या बाईचा गळा त्याने स्वतःकडे घेतला. दुसरं उदाहरण पांघरुणाचं. भ्यायलेली हितोमी घरी येऊन अंथरुणात शिरते आणि डोक्यावरून पांघरूण ओढून घेते. पांघरुणात भूत येत नाही, हा साऱ्या जगातल्या लेकरांनी अंधाराशी केलेला करार. हितोमी पांघरूण उचलून आत बघते, तर कायाको आतच असते. या एका क्षणात शिमिझु सांगून टाकतो की आता सुरक्षित जागा अशी उरलेली नाही.

जुन्या जपानी भुतांना असं वाटेल त्याच्यावर चालून जाणं मंजूर नव्हतं. १८२५ मध्ये चौथ्या त्सुरुया नानबोकुने काबुकीसाठी लिहिलेल्या ‘योत्सुया काइदान’मधली ओइवा नवऱ्याने विश्वासघात करून संपवलेली आहे, आणि तिचं भूत नवऱ्याच्याच मानगुटीवर बसतं. ताटं मोजणाऱ्या ओकिकु या मोलकरणीची विहीर आजही हिमेजीच्या किल्ल्यात दाखवतात. तिचा हिशेब धन्याशी. आपल्याकडेही तेच. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते. जखीण, मुंजा, सगळी अपुऱ्या आयुष्याची, कुणी ना कुणी काही देणं बाकी ठेवलेली माणसं. नारायण धारपांची, रत्नाकर मतकरींची कथा वाचणाऱ्या मराठी वाचकाला हे सांगायला नको. मतकरींच्या गूढकथेत दिवाणखान्यात बसलेल्या सभ्य माणसाने पूर्वी केलेलं कृत्य हळूहळू वर येतं आणि त्यालाच गिळतं. या सगळ्या गोष्टींत भूत हे गरिबाचं न्यायालय असतं. जिवंतपणी जिला पाटलाच्या ओसरीवरही उभं राहता आलं नाही, ती मेल्यावर त्याच्या माजघरात जाऊन उभी राहते. भुताची गोष्ट सांगणारे बहुतेक दुबळे होते, यात नवल नाही. भीतीत त्यांचा थोडा दिलासाही होता.

शिमिझुने तो दिलासा काढून घेतला. ‘जु-ओन’मध्ये पहिल्यांदा घरात शिरणारी रिका ही समाजसेवेचं काम करणारी मुलगी. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची चौकशी करायला ती येते. तिचा काय गुन्हा? पोलीस येतो, शाळेच्या मुली येतात, नवे भाडेकरू येतात. कायाकोला अपराधी कोण हे विचारायचंच नाही. हा न्याय म्हणावा तर आंधळा, सूड म्हणावा तर चुकीच्या माणसावर. समीक्षकांनी याला तर्कहीन भय म्हटलं. मला यात कठोर तर्क दिसतो. ज्या अन्यायाचा हिशेब कुणी केला नाही तो अन्याय करणाऱ्याच्या घरात मावत नाही. तो भिंतींत उतरतो, गल्लीत पसरतो, पत्त्याला चिकटतो. मग ज्याचा हात नव्हता त्यालाही तो पत्ता सांगताना अडखळायला होतं.

हे मला तोक्योपेक्षा सोनईच्या रस्त्यावर जास्त कळतं.

सोनई हे नेवासे तालुक्यातलं मोठं, बागायती, चालतं गाव. मुळा सहकारी साखर कारखाना इथला, मुळा एज्युकेशन सोसायटीही इथली. राहुरीकडून शनिशिंगणापूरला निघालेल्या गाड्या सोनईतून जातात. शनिअमावस्येला तर रस्ता दिसत नाही. मुळा धरणाचं पाणी आलं आणि इथल्या रानांचा रंग पालटला. गाळपाचा हंगाम सुरू झाला की पहाटेपासून ट्रॉल्या आणि बैलगाड्या कारखान्याच्या वाटेला लागतात, हवेत मळीचा वास भरतो, मोकळ्या पडीत ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. गाव म्हणून बोट ठेवावं असं यात काही नाही.

भय असलंच तर उसात आहे. बाहेरच्याला ऊस म्हणजे हिरवळ. ज्याने रात्रीची लाईट असताना उसाला पाणी भरलं आहे, त्याला विचारावं. आडसाली ऊस सव्वा वर्षाचा झाला की माणसाच्या दुप्पट उंच जातो. आत शिरल्यावर दोन सऱ्यांपलीकडचं दिसत नाही. बॅटरीचा झोत पात्यांवर आदळून परत येतो. वाळलेलं पाचट पायाखाली मोडतं तेव्हा तो आवाज आपला की आणखी कुणाचा, हे पुढचं पाऊल थांबवल्याशिवाय कळत नाही. पाणी सरीच्या शेवटाला पोचलं का हे बघायला आत जावंच लागतं, आणि पात्याची कड हातावर, गालावर बारीक रेघा ओढते. हल्ली बिबट्याची मादी उसातच विते, म्हणून माणसं मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून ठेवतात. चकवा लागतो म्हणजे काय हे अशा रात्री समजतं: तासभर चालावं आणि पुन्हा त्याच बांधावर यावं.

विशाल फुरिया या दिग्दर्शकाने हे ओळखलं. त्याचा ‘लपाछपी’ २०१७ मध्ये आला. सावकारांच्या तगाद्याला भिऊन शहरातलं एक जोडपं ड्रायव्हरच्या गावी येतं. बायको नेहा आठ महिन्यांची गरोदर. मुक्कामाचं घर उसाच्या मधोमध, चहूबाजूंनी हिरवी भिंत. घर सांभाळणारी तुळसाबाई नेहाला जपते, पण त्या जपण्याची चव तोंडात राहते. पूजा सावंत आणि उषा नाईक यांच्यातला हा खेळ चित्रपटाचा कणा आहे. लपंडाव खेळणारी पोरं दिसतात, नाहीशी होतात, आणि हळूहळू घराच्या पोटातलं पाप बाहेर येतं: इथे मुली जगू दिल्या जात नाहीत. फुरियाने उसाच्या रानाचाच चकवा केला. नेहा पळते, पळते, आणि घराच्याच अंगणात येऊन उभी राहते.

शिमिझुसारखंच फुरियालाही आपलं घर सोडवलं नाही. २०२१ मध्ये त्याने तीच गोष्ट हिंदीत ‘छोरी’ म्हणून केली, नुसरत भरुचा आणि मिता वशिष्ठ यांना घेऊन. २०२५ मध्ये दुसरा भाग आला. मुलूख बदलला तरी उसाची भिंत तीच राहिली. दोन्ही दिग्दर्शकांच्या मागे तीच सक्ती दिसते. एकदा एखाद्या अन्यायाचा पत्ता सापडला की दुसऱ्या पत्त्यावर जाणं म्हणजे पळ काढणं. आणि फुरियाचा पत्ता काल्पनिक म्हणायची सोय आपल्याला नाही. २०११ च्या जनगणनेत, सोनई ज्यात येतं त्या तेव्हाच्या नगर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८५२. न जन्मलेल्यांचं भूत होत नाही असं परंपरा मानत असेल, पण आकड्यातली ती पोकळी झपाटलेल्या घराहून कमी नाही.

राही अनिल बर्वेंनी ‘तुंबाड’मध्ये हव्यासाला गर्भगृहात बसवलं, आदित्य सरपोतदारने ‘मुंज्या’मध्ये कोकणातलं भूत थेट हिंदी थिएटरात नेलं. दोन्ही चित्रपट गाजले. पण दोन्हींचा मुलूख कोकणचा आहे: पाऊस, शेवाळ, पिंपळ, जुना वाडा. मराठी भयाला कोकणची सवय लागली आहे. देशावरच्या उघड्या, कोरड्या, हिशेबी मुलखात भूत कुठून येणार, अशी आपली समजूत. पाटाच्या पाण्यावर पिकलेला ऊस, सहकार, कॉलेज, फाट्यावरची हॉटेलं, यांत काळोखाला जागा कुठे? ‘लपाछपी’ म्हणते, इथेच. समृद्धीच्या दाट पिकात.

१ जानेवारी २०१३ रोजी सोनईच्या शिवारात एका वस्तीवर मेहतर समाजातल्या तीन तरुणांना शौचालयाची टाकी साफ करण्याच्या निमित्ताने बोलावून मारण्यात आलं. त्यांतल्या एकाचं सवर्ण घरातल्या मुलीशी प्रेम होतं, एवढंच कारण. प्रेतं टाकीत आणि विहिरीत लपवली गेली. खटला जिल्ह्याबाहेर, नाशिकला चालला, उज्ज्वल निकम सरकारी वकील होते, आणि २०१८ च्या जानेवारीत सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. मारले गेले त्यांची नावं मी इथे लिहीत नाही. ती निबंधाची नाहीत, निकालपत्राची आहेत.

भयपटाच्या गोष्टीत हे आणणं काहींना खटकेल. खटकावंच. कल्पित भुताची आणि खऱ्या मढ्याची सरमिसळ करायची नसते. पण नुसती तुलनाच करायची म्हटली, तरी शिमिझुच्या घराचं मूळ काय होतं ते आठवावं: घरातल्या बाईचं मन दुसरीकडे गेलं या संशयावरून झालेला खून. ‘रिंगू’च्या विहिरीत सादाकोला लोटणारा तिचा बापच होता. जपानी भयाच्या तळाशी गेलं की घरचा पुरुष भेटतो, त्याची इज्जत भेटते, आणि प्रेत लपवायला जवळची विहीर भेटते. ज्याला आपण परकं, चमत्कारिक, केस मोकळे सोडलेलं भय म्हणत होतो ते इतकं ओळखीचं निघतं.

आणि कायाकोचा तो आंधळा नियम इथेही लागू झाला. त्या दिवसापासून वर्तमानपत्रांनी गावाच्या नावाला ‘हत्याकांड’ हा शब्द जोडला, आणि खैरलांजीचं झालं तसं सोनईचं झालं. गावातल्या हजारो माणसांचा त्यात काडीचाही हात नव्हता. शाळेत शिकवणाऱ्यांचा नव्हता, कारखान्यात पाळी करणाऱ्यांचा नव्हता, त्या वर्षी पाळण्यात असलेल्या पोरांचा तर नव्हताच. तरी ते पोर मोठं होऊन पुण्याला शिकायला जातं, गाव विचारलं जातं, नाव सांगितल्यावर समोरचा क्षणभर थांबतो. घरात शिरलेल्या रिकाला जे भोगावं लागलं त्याचा हा सौम्य, दिवसाढवळ्याचा अवतार. अन्याय झाल्यावर तो करणाऱ्यापाशी थांबत नाही. तो गावाच्या नावात शिरतो. यावर गावकऱ्यांचा राग असतो, तोही खोटा नाही. फक्त तो कुणावर काढावा हे कळत नाही, आणि बहुधा नाव घेणाऱ्यावर काढला जातो.

तिथून थोड्या किलोमीटरवर शनिशिंगणापूर आहे. देवाला छप्पर नाही आणि गावातल्या घरांना दारं नाहीत, ही त्याची जगभर ओळख. कुणी चोरी केली तर शनिदेव बघून घेतो, ही श्रद्धा. २०११ मध्ये युको बँकेने इथे कुलूप नसलेली शाखा उघडली तेव्हा तिची बातमी झाली. मी या श्रद्धेला हसत नाही. दार नसलेल्या घरात झोपणं ही मोठी गोष्ट आहे. भयपटाचा दिग्दर्शक जे आयुष्यभर शोधतो ते या गावाला पिढ्यांपूर्वीच गवसलं: भीतीने माणसं वळणावर राहतात. पण त्या भीतीचं कार्यक्षेत्र काय? सोनं, भांडी, पैसा, धान्य. वस्तूंच्या राखणीला देवाची करडी नजर आहे. तीन पोरांच्या जिवाच्या राखणीला ती शेजारच्या शिवारात पोचली नाही, कारण ती तिथे पोचावी अशी आपण कधी कल्पनाच केली नव्हती. कशाला भ्यायचं हे माणसंच ठरवतात आणि देवाला कळवतात.

शिमिझुचा पुढचा प्रवास इथे उपयोगी पडतो. कायाकोला त्याने २००६ नंतर इतरांच्या हाती सोपवलं. मधे त्याने बरंच काही केलं. उडत्या झाडूवरून सामान पोचवणाऱ्या चेटकीण मुलीची बालकथाही २०१४ मध्ये पडद्यावर आणली. मग २०२० पासून सलग तीन वर्षं तो गावांकडे वळला आणि ओसाड, शापित गावांवर तीन चित्रपट केले. पहिला ‘इनुनाकी गाव’. फुकुओकाजवळच्या इनुनाकी बोगद्याविषयी जपानी पोरांमध्ये एक दंतकथा आहे: बोगद्यापलीकडे नकाशात नसलेलं गाव आहे आणि त्याच्या वेशीवर पाटी आहे, इथून पुढे जपानची राज्यघटना लागू नाही. त्या भागात खरंच एक धरण आहे आणि धरणाखाली खरंच गाव गेलेलं आहे. शिमिझुने या दोन्हींची गाठ मारली. त्याच्या चित्रपटात त्या गावची माणसं हीन ठरवली गेली, वीज कंपनीला धरण हवं होतं, आणि गाव पाण्याखाली गेलं. भुतं तिथून उठतात.

ती पाटी मला भयपटांतल्या साऱ्या विद्रूप चेहऱ्यांपेक्षा भयंकर वाटते. चेहऱ्याला आपण डोळे मिटतो. पाटीवर मात्र एक करार लिहिलेला आहे, सगळ्यांनी मिळून मान्य केलेला. अशा पाट्या आपल्याकडे लिहिलेल्या नसतात. त्या लिहाव्या लागत नाहीत. कुठल्या आळीत कुणी जायचं, कुणाच्या घरचं पाणी कुणी प्यायचं, कुणाच्या मुलीकडे कुणी मान वर करून पाहायचं, याच्या पाट्या डोक्यात असतात. शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बाईने जायचं नाही ही अशीच एक पाटी होती. २०१६ मध्ये आंदोलन झालं, मुंबई उच्च न्यायालयाने मंदिरप्रवेशात बाईला हटकता येणार नाही हे स्पष्ट केलं, आणि त्या गुढीपाडव्याला चौथरा खुला झाला. आकाश कोसळलं नाही. राज्यघटना पाटी ओलांडून पलीकडे गेली, एवढंच झालं.

शिमिझुच्या जगात हे होत नाही, आणि तिथेच त्याची मर्यादा आहे आणि त्याचा प्रामाणिकपणाही. त्याच्या एकाही ‘जु-ओन’मध्ये मांत्रिक यशस्वी होत नाही. आपल्या बहुतेक भयपटांत शेवटी अंगारा, ग्रामदेवतेचा कौल, त्रिशूळ, काही ना काही कामाला येतं. भूत जळतं आणि घर पुन्हा राहण्याजोगं होतं. शिमिझुला ही सोय पटत नाही. मारणारा ताकेओसुद्धा जिवंत उरत नाही, म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला कुणी नाही. खटला नाही, साक्ष नाही, निकाल नाही. ज्या खुनाचा खटलाच चालला नाही त्याची फिर्याद घर स्वतः चालवतं, आणि घराला कायदा येत नाही. त्याला फक्त दार उघडता आणि लावता येतं.

सोनईत खटला उभा राहिला. जिल्ह्याबाहेर का होईना, साक्षी झाल्या, पाच वर्षं लागली, निकाल आला. फाशी असावी की नसावी हा वेगळा वाद. पण अन्यायाचा पत्ता भिंतीतून निघून कागदावर आला हे महत्त्वाचं. कागदावर गुन्हेगारांची नावं असतात. ती असली की गावाच्या नावावरचं ओझं निदान तत्त्वतः हलकं व्हायला हवं. ते होत नाही, कारण निकाल न्यायालय देतं आणि विसर गाव पाडतं. विसरलेलं काहीच हलकं होत नाही. कायाकोचं घर प्रत्येक वेळी नव्या भाडेकरूला दिलं जातं, आणि आधी इथे काय झालं हे दलाल सांगत नाही. शिमिझुच्या सहा चित्रपटांत खरा खलनायक कुणी असेल तर न सांगणारा तो माणूस.

याच तालुक्यात नेवाशाला, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. सांगणारा तरुण ज्या घरातला होता ते घर समाजाने वाळीत टाकलेलं होतं. बापाने संन्यास सोडून पुन्हा संसार मांडला म्हणून आईबापांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावं लागलं असं परंपरा सांगते. तळतळाटाचा पहिला हक्क कुणाचा असेल तर या मुलाचा. आणि त्याने शेवटी मागितलं ते पसायदान: दुष्ट मरोत असं नाही, त्यांचा दुष्टपणा जावो. कायाकोला जे जमत नाही नेमकं ते. तिला पाप आणि माणूस वेगळे करता येत नाहीत. ज्ञानदेवाने सातशेहून अधिक वर्षांपूर्वी ते वेगळे केले.

पण यात एक पळवाट लपलेली आहे आणि ती बुजवायला हवी. पसायदान आपण शाळेत म्हणतो, सप्त्याच्या शेवटी म्हणतो, आणि म्हणून झालं की मन हलकं होतं. ते मागणारा मात्र ज्याच्यावर अन्याय झाला त्या घरातला होता. क्षमा करायची की शाप द्यायचा हा त्याचा अधिकार. ज्या समाजाने वाळीत टाकलं त्याने उठून पसायदान म्हणणं म्हणजे दलालाने घराला नवा रंग देणं. गावाच्या वाट्याला येतं ते साधं काम आहे. इथे काय झालं हे विचारणाऱ्याला, आणि न विचारणाऱ्यालाही, नीट सांगणं. गावातल्या पोरांना ते बाहेरच्याकडून कळण्याआधी घरात कळू देणं. शिमिझुने हे काम भुताकडून करवून घेतलं, फुरियाने उसाच्या रानाकडून. माणसांनी ते केलं असतं तर दोघांनाही आपल्या घराकडे इतक्या वेळा परतावं लागलं नसतं.